सड्याच्या पोटातले पाणी : गावचा भूस्तर नकाशा आपणच तयार करा

कोकणातील शेतकऱ्याला दोन गोष्टींचे कोडे कायम पडलेले असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रत्नागिरी परिसरात ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यात सड्यावरच्या वाडीत हंडाभर पाण्यासाठी वाट पाहावी लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौ.मी. कातळावर ३,००० मि.मी. पाऊस पडला तर त्याचे पाणी ३ लाख लिटर होते आणि एक एकरावर सुमारे १ कोटी २० लाख लिटर. एवढे पाणी जाते कुठे? दुसरे कोडे असे की, एका शेतकऱ्याच्या विहिरीला शिमग्यानंतर तळ दिसतो, तर हाकेच्या अंतरावर उताराला असलेला झरा मे अखेरपर्यंत वाहत असतो. या दोन्ही कोड्यांचे उत्तर आपल्या पायाखालच्या थरांत आहे. हे थर ओळखून ते गावच्या नकाशावर मांडणे म्हणजेच भूस्तर नकाशा तयार करणे होय.

हे काम फक्त शास्त्रज्ञांचे आहे असा समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. १८१५ साली इंग्लंडचा पहिला मोठा भूस्तर नकाशा प्रसिद्ध करणारा विल्यम स्मिथ हा जमीन आणि कालवे मोजणारा मोजणीदार होता. शेतजमिनीतील पाण्याचा निचरा करून देणे हेही त्याचे काम होते. कालव्याच्या खोदाईत दगडांचे थर ठराविक क्रमानेच येतात हे त्याने पाहिले आणि ते कागदावर रंगवले. आपल्याकडे विहीर, चिरेखाण, रस्त्याचा कापलेला डोंगर आणि कलमांचे खड्डे यांच्या रूपाने असे उघडे थर गावोगाव आहेत. ते नीट पाहून मांडण्याचेच काय ते बाकी आहे.

या विषयाचे महत्त्व प्रस्तुत लेखकाला घरच्याच अनुभवातून कळले. आमच्या घराजवळ सड्यावर विंधन विहीर मारली गेली. वरचा जांभा संपला, मग गुलाबी-पांढरी चिकणमाती लागली, नंतर काळा दगड लागला. पण पाणी लागले नाही. कलमे विकून आलेले पैसे त्या भोकात गेले. घराखालच्या घाटीने उतरले की जांभ्याच्या बुडाशी बारमाही झरा होता. त्या झऱ्याकडे पाहून आधी विचार करावा असे कोणाला सुचले नाही. तेव्हा कृषि पदवीचे शिक्षण घेत असलेल्या मलाही नाही.

आपल्या पायाखालचे थर

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा एकापाठोपाठ एक असा अनेक वेळा बाहेर पडला आणि थरांवर थर साचले. त्यातून आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. सह्याद्री आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडाचा आहे. पुढे उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि त्यानंतरचा कडक उन्हाळा यांच्या आलटून पालटून होणाऱ्या परिणामाने हा दगड जागेवरच कुजला. त्यातील चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि सिलिकेचा बराच भाग पाण्याबरोबर वाहून गेला. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. हाच आपला जांभा. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळातील अंगाडीपुरम येथील अशा दगडाचे वर्णन केले आणि विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. खाणीत असताना मऊ, पण हवा लागल्यावर घट्ट होणारा हा दगड चिऱ्यांच्या रूपाने आपल्या घरांच्या भिंतींत बसला आहे.

मिरजोळे आणि आसपासच्या गावांतील सड्यावरून उताराकडे चालत गेल्यास साधारणपणे पुढील क्रम आढळतो.

१) कातळ किंवा कवच : सड्याचा उघडा, काळपट-तांबूस, टणक पृष्ठभाग. यावर माती बोटभर किंवा नसतेच.

२) छिद्रयुक्त जांभा : कवचाखालचा तांबडा, पिवळे-पांढरे ठिपके असलेला, मधाच्या पोळ्यासारखा थर. चिरे याच थरातून निघतात. पाणी यातून झपाट्याने खाली उतरते.

३) चिकणमातीचा थर : पांढरट, गुलाबी किंवा जांभळट, हाताला साबणासारखी लागणारी माती. काही भागांत हिला शेडी माती म्हणतात. मूळ काळा दगड कुजून ही झालेली असते. यातून पाणी फार सावकाश जाते, त्यामुळे वरून आलेले पाणी येथे अडते.

४) कुजका काळा दगड : कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटणारे गोटे आणि त्यांभोवती मुरूम.

५) अखंड काळा दगड : हातोडा मारल्यास खणखणीत आवाज देणारा. यात पाणी असते ते फक्त भेगा, सांधे आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांत.

६) पऱ्या आणि नदीकाठचा गाळ : मळ्याची भातजमीन याच गाळावर असते.

प्रत्येक ठिकाणी सहाही थर मिळतील असे नाही. थरांची जाडीही हाताच्या अंतरावर बदलते. रत्नागिरी शहराच्या परिसरात विहिरी खोदताना जांभ्याखाली निळसर चिकणमाती आणि कोळशासारखे झालेले लाकूड लागल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. आपल्या विहिरीत असे काही निघाले असेल तर ते नकाशावर अवश्य नोंदवावे.

सडा आतून पोकळ कसा होतो?

चुनखडीच्या प्रदेशात पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात दगड विरघळतो आणि जमिनीखाली भुयारे, गुहा व विवरे तयार होतात. आंध्र प्रदेशातील बोरा गुहा आणि मेघालयातील लांबच लांब गुहा अशाच झाल्या. युरोपातील स्लोव्हेनियाच्या 'क्रास' पठारावरून अशा भूरूपाला 'कार्स्ट' म्हणतात. आपल्या सड्यात चुनखडी नाही. परंतु जांभ्यातही बऱ्याच अंशी तसेच दिसणारे भूरूप तयार होते. कारण मात्र वेगळे आहे. येथे टणक कवच जागेवर राहते आणि त्याखालील मऊ माती पावसाच्या पाण्याबरोबर कणाकणाने वाहून जाते. आधी बोटाएवढी नळी होते, मग हात जाईल एवढी आणि काही ठिकाणी माणूस वाकून जाईल एवढी पोकळी होते. वरचे छत पातळ झाले की ते खाली बसते आणि सड्यावर खड्डा पडतो. केरळातील जांभ्याच्या प्रदेशातही जमिनीखाली अशा नळ्या तयार होऊन जमीन खचल्याचे प्रकार घडले आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचे तीन परिणाम आहेत. पहिला, सड्यावर पडलेले पाणी या नळ्यांतून फार लवकर निघून जाते. म्हणून जांभ्यातील विहिरी पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि पौष-माघात झपाट्याने उतरतात. दुसरा, नळीतून येणारे पाणी गाळले जात नाही. सड्यावरील शोषखड्ड्याची घाण, गोठ्याचे पाणी किंवा फवारणीचे उरलेले औषध थोड्या वेळात खालच्या झऱ्यात उतरू शकते. तिसरा, जड वाहन, शेततळे किंवा सुरुंग यांचा भार पोकळीवर आला तर जमीन बसण्याचा धोका असतो.

पोकळी ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. कातळावर पहार आपटल्यास भरीव जागी टणत्कार होतो आणि पोकळ जागी डबक्यासारखा बद्द आवाज येतो. पावसात सड्यावरचा ओहोळ अचानक एखाद्या भोकात नाहीसा होतो. सपाट कातळावर गोल खोलगट जागा दिसते आणि तेथे माती व झुडपे जमलेली असतात. अशा प्रत्येक जागेची नकाशावर नोंद करावी.

नकाशा कसा तयार करावा?

नकाशासाठी एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मे अखेर हा काळ सर्वात चांगला. या दिवसांत गवत वाळलेले असते, कातळ उघडा असतो आणि जे झरे वाहत असतात ते खरोखरच बारमाही असतात.

साहित्य : गावच्या नकाशाची प्रत, ट्रेसिंग कागद, रंगीत पेन्सिली, हातोडा किंवा पहार, १० लिटरची बादली, सेकंद दाखवणारे घड्याळ, मोजपट्टी किंवा गाठी मारलेली दोरी, पाण्याची पारदर्शक नळी आणि वही. स्थान दाखवणारा मोबाइल असल्यास जागा नोंदवणे सोपे जाते.

पायरी १. पायाभूत नकाशा मिळवावा. सर्व्हे नंबर आणि हिस्से दाखवणारा गाव नकाशा भूमि अभिलेख कार्यालयात मिळतो. उंचसखलपणा समजण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा उपयोगी पडतो. त्यात १ सें.मी. म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर असतात आणि समान उंचीच्या रेषा दाखवलेल्या असतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावरही पाहता येतात. मात्र त्यांत आपला सारा सडा एकाच रंगाचा दिसेल. एका गावातले बारकावे आपल्यालाच भरायचे आहेत.

पायरी २. उघडे थर पाहावेत. प्रथम रस्त्याचे कापलेले डोंगर, चिरेखाणी, विहिरी आणि पऱ्यांचे काठ यांची यादी करावी. मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात उभे कापलेले उतार हे आपल्यासाठी उघडे पुस्तकच आहे. अर्थात, रस्त्याच्या कडेला व सुटलेल्या दरडीखाली उभे राहू नये. प्रत्येक ठिकाणी वरून खाली कोणता थर किती फूट आहे ते लिहावे. ज्यांनी विहीर किंवा विंधन विहीर खोदली आहे, त्यांना किती फुटांवर काय लागले हे विचारावे. फसलेल्या खोदाईची माहिती यशस्वी खोदाईइतकीच मोलाची असते, पण ती कोणी आपण होऊन सांगत नाही. ती गोडीने विचारावी.

पायरी ३. सीमा चालून पाहाव्यात. सड्याच्या कडेने आणि नंतर उताराने चालत जाऊन जांभा कोठे संपतो व चिकणमाती कोठे सुरू होते ते शोधावे. माती धुपून आल्याने ही सीमा बहुधा झाकलेली असते. अशा वेळी उंदीर-घुशींची बिळे, कलमांचे खड्डे, गडग्याच्या पायाची खोदाई आणि मातीचा बदलणारा रंग यांवरून अंदाज बांधावा. खात्रीची सीमा अखंड रेषेने आणि अंदाजाची सीमा तुटक रेषेने काढावी. तुटक रेष काढण्यात कमीपणा नाही. सगळी रेष अखंड काढली तर पुढे तोच नकाशा आपल्याला फसवतो.

पायरी ४. झरे आणि विहिरी मोजाव्यात. झऱ्याखाली १० लिटरची बादली धरून ती भरण्यास किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजून सरासरी काढावी. समजा, बादली ४० सेकंदांत भरली, तर झरा तासाला ९०० लिटर आणि दिवसाला २१,६०० लिटर पाणी देतो. विहिरीत काठापासून पाण्यापर्यंतची खोली दोरीने मोजावी. ही मोजणी दर महिन्याच्या ठराविक तारखेला केल्यास एका वर्षात कोणती विहीर कोणत्या थरातील पाणी पिते ते कळू लागते. पहिल्या मोठ्या पावसानंतर झऱ्याचे पाणी किती तासांनी गढूळ होते हेही लिहावे. काही तासांतच गढूळ झाले तर झरा उघड्या नळ्यांशी जोडलेला आहे असे समजावे आणि त्याचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

पायरी ५. झऱ्यांची रेषा काढावी. पारदर्शक नळीतील पाण्याच्या पातळीवरून दोन झरे एकाच उंचीवर आहेत की खालीवर हे मोजता येते. गावातील बहुतेक झरे जांभा आणि चिकणमाती यांच्या सीमेवर, थोड्याफार खालीवर फरकाने, एका माळेत आलेले दिसतील. ही माळ म्हणजे आपल्या नकाशाची सर्वात महत्त्वाची रेषा. चिकणमातीचा माथा सपाट नसतो. जेथे तो खोलगट असतो तेथे पाणी गोळा होते आणि मोठा झरा लागतो. म्हणून रेषा नागमोडी आली तरी ती पट्टीने सरळ करू नये.

पायरी ६. रंग आणि खुणा भराव्यात. जांभ्याला तांबडा, चिकणमातीला पिवळा, काळ्या दगडाला निळा आणि गाळाला हिरवा रंग द्यावा. झऱ्याला भरीव टिंब, आटणाऱ्या झऱ्याला पोकळ टिंब, विहिरीला चौकोन, पोकळी वा खचलेल्या जागेला फुली अशी खूण करावी. नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण आणि पाहणीचा महिना व वर्ष लिहिण्यास विसरू नये.

दिशेबाबत एक सूचना. जांभ्यात लोह असल्याने होकायंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते हे प्रसिद्ध आहे. दिशा दोन-तीन जागी तपासावी आणि गाव नकाशावरील ओळखीच्या खुणांशी ताडून पाहावी. सड्यावर फिरताना कातळात कोरलेली चित्रे आढळल्यास त्यांचीही नोंद करावी. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला आहे. कलमांसाठी सुरुंग लावताना किंवा चिरे काढताना ती कायमची नष्ट होऊ शकतात.

नकाशावरून कोणते निर्णय घ्यावेत?

विहीर : साधी विहीर झऱ्यांच्या रेषेच्या वरच्या अंगाला, जेथे चिकणमातीचा माथा खोलगट आहे अशा जागी घ्यावी. जांभा संपून चिकणमाती लागली की आणखी खोल गेल्याने पाण्याची आवक सहसा वाढत नाही, फक्त साठा वाढतो. मातीच्या पट्ट्यात विहिरीचे काठ ढासळतात, म्हणून तेथे बांधकाम करावे आणि पाणी आत येण्यासाठी भोके ठेवावीत. विहिरीच्या तळाशी आडवेतिडवे बोअर मारण्याचा मोह टाळावा. पाणी अडवून धरणारा थर फुटला तर असलेले पाणीही खाली निसटण्याचा धोका असतो.

विंधन विहीर : विंधन विहिरीला पाणी काळ्या दगडातील भेगेतून मिळते, जांभ्यातून नव्हे. म्हणून 'सड्यावर मोकळी जागा आहे' हे जागा निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. पऱ्या सरळ रेषेत वाहत असेल, दोन पऱ्ये एका रेषेत येत असतील किंवा काळ्या दगडात भेगांची ओळ दिसत असेल तर तेथे शक्यता अधिक असते. खर्च करण्यापूर्वी राज्य शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा. आपला नकाशा सोबत नेल्यास त्यांनाही जागा तपासणे सोपे जाते. विहीर झाल्यास आवरण नळी जांभा आणि चिकणमाती ओलांडून टणक दगडात बसवून घ्यावी. अन्यथा माती आत ढासळून विहीर बंद पडते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ खोदाई करण्यापूर्वी परवानगीची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

पाणी साठवण : जांभ्यावर खोदलेले शेततळे अस्तराशिवाय पाणी धरत नाही. तेथे प्लॅस्टिक कागदाचे अस्तर असलेली छोटी जलकुंडे सोयीची. ४ मी. लांब, २ मी. रुंद आणि १ मी. खोल कुंडात ८,००० लिटर पाणी मावते. ५० नवीन कलमांना आठवड्याला प्रत्येकी १० लिटर दिल्यास ते १६ आठवडे पुरेल; बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून कुंडावर आच्छादन मात्र हवे. झऱ्यांच्या रेषेखालील पऱ्यावर पावसाळा संपताच कोकण विजय बंधारा किंवा वनराई बंधारा घालावा. तेथे वाहते पाणी मिळते आणि खाली चिकणमाती वा दगड असल्याने ते टिकतेही.

आंबा-काजूची लागवड : कातळावर सगळीकडे सारखेच खड्डे मारू नयेत. कातळात वड, पिंपळ किंवा एखादे मोठे झाड आपोआप वाढले असेल तर तेथे भेग आणि तिच्यात माती आहे असे समजावे. खड्डा मारल्यावर तो पाण्याने भरून पाहावा. पाणी काही तासांत जिरले तर जागा चांगली. दिवस उलटूनही पाणी तसेच राहिले तर तळ अखंड आहे. तेथे पाण्याला वाट काढून दिल्याशिवाय कलम लावू नये, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात. पाणी गुडगुड करीत क्षणात नाहीसे झाले तर खाली नळी आहे. अशा खड्ड्यात भरलेली माती दोन पावसाळ्यांत खाली निघून जाते. ती जागा सोडावी किंवा तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि मग माती असा थर भरावा. सुरुंग परवानाधारकाकडूनच लावून घ्यावा. फुली केलेल्या जागा आणि झऱ्याचा परिसर त्यातून वगळावा.

माती परीक्षण : जांभ्यापासून झालेली माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून ठेवतात. गाळाच्या मातीचे गुणधर्म वेगळे असतात. म्हणून नकाशावरील दोन रंगांतील मातीचे नमुने एकत्र मिसळू नयेत. प्रत्येक रंगाचा नमुना वेगळा पाठवावा, तरच खताची शिफारस उपयोगी पडेल.

चिरेखाण आणि सांडपाणी : चिरेखाणीतून उत्पन्न मिळते हे खरे. परंतु झऱ्याच्या वरच्या अंगाचा जांभा कापला की पाणी साठवणारा थरच निघून जातो. खाण कोणत्या झऱ्याच्या डोक्यावर येते हे नकाशावर पाहून मगच जागा ठरवावी. शोषखड्डा, उकिरडा आणि औषधांची भांडी धुण्याची जागा झऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवू नये. मिरजोळ्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत आहे, विमानतळ आहे आणि वस्तीही वाढत आहे. अशा गावांना तर कोणते पाणी कोणत्या झऱ्यात उतरते हे माहीत असणे अधिकच गरजेचे आहे.

उताराकडे विशेष लक्ष

चिकणमातीच्या पट्ट्यातच झरे असतात आणि जमीन घसरण्याचा धोकाही तेथेच असतो. पाण्याने भरलेली ही माती भार सोसत नाही. कोकण रेल्वेच्या बांधकामात याचा मोठा धडा मिळाला. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा दगडातून गेला. मात्र गोव्यातील त्याहून कितीतरी लहान असलेल्या पेडणे बोगद्यात पाण्याने भरलेली मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण खुला होण्यास या एका बोगद्यानेही उशीर केला. खाली कोणता थर आहे यावर श्रम, पैसा आणि माणसांची सुरक्षितता कशी अवलंबून असते ते यावरून दिसते.

मिरजोळ्यातही खालचापाट भागात पावसाळ्यात भातशेतीची जमीन खचण्याचे प्रकार झाले आहेत. अशा जागा नकाशावर फुलीने दाखवाव्यात आणि दरवर्षी भेगा कोठवर सरकल्या ते नोंदवावे. उतारावर नवी भेग दिसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झरा एकाएकी गढूळ होणे किंवा नवीन जागी फुटणे या धोक्याच्या सूचना आहेत. तशा उतारावर चर खणून पाणी मुरवू नये, उलट भेगांत पाणी जाणार नाही अशी व्यवस्था करावी आणि तहसील कार्यालयाला कळवावे. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी आणि तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी जे घडले, ते पाहता मुसळधार पावसात असे घर सोडून सुरक्षित जागी जाण्यास उशीर करू नये.

एकट्याने नव्हे, वाडीने मिळून

सड्यावर पडलेला पाऊस एकाच्या सर्व्हे नंबरात मुरतो आणि दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरात झरा होऊन बाहेर येतो. जांभा आणि त्याखालची माती हिस्स्यांच्या हद्दी पाहत नाहीत. त्यामुळे एकट्याच्या शेतापुरता केलेला नकाशा अर्धाच राहतो. वाडीतील चार-पाच जाणत्या व्यक्ती आणि तितकीच शाळा-महाविद्यालयातील मुले मिळून एका गावाचा पहिला नकाशा एका उन्हाळ्यात पुरा करू शकतात. कोणता झरा कोणत्या साली आटला हे वृद्ध स्त्रियांना हमखास ठाऊक असते, कारण पाणी त्यांनी डोक्यावरून आणलेले असते. त्यांना या कामात आधी विचारावे. ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठी गावात येणाऱ्या कृषिदूतांचेही साहाय्य घ्यावे.

नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी. नवी विहीर खोदली गेली, यशस्वी झाली किंवा फसली, की ती लगेच चढवावी. पाच वर्षांत त्या कागदावर आपल्या गावाचा जो अनुभव जमेल, तो बाहेरून आलेला कोणी एका दिवसात सांगू शकणार नाही.

तरी शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या उन्हाळ्यात विहीर, विंधन विहीर, शेततळे किंवा कातळावरील लागवड यांपैकी कशावरही खर्च करण्यापूर्वी एक दिवस सड्यावरून खाली चालत जावे. जांभा कोठे संपतो ती जागा शोधावी, तेथला झरा बादलीने मोजावा आणि गाव नकाशावर पहिले टिंब द्यावे. रत्नागिरी तालुक्यातील शेतकऱ्यांना माती आणि लागवडीविषयी अधिक माहितीसाठी शिरगाव येथील कृषि संशोधन केंद्र व भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र येथे प्रत्यक्ष संपर्क साधता येईल. येताना आपला नकाशा जसा असेल तसा, तुटक रेषांसह, जरूर आणावा.